‘दिसलं’ म्हटल्यावर जबाबदारी कोणाची?

प्रश्न : माझी नात वैमानिक होण्याचं प्रशिक्षण घेते आहे. सुट्टीला घरी आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, ‘‘आबा, आम्ही व्हिज्युअलवर असतो ना, तेव्हा दुसऱ्या विमानापासून लांब राहायचं काम आमचं. टॉवर फक्त कोण कुठे आहे ते सांगतो.’’ त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. टॉवरमधला माणूस प्रत्येक विमानाला बोट धरून नेतो, अशी माझी आजवरची समजूत. नात म्हणते तसं असेल तर टॉवर कशासाठी? आणि दोन विमानं समोरासमोर आली तर दोष कोणाचा धरायचा, उडवणाऱ्याचा की टॉवरमधून बघणाऱ्याचा?
— एक निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : तुमची नात बरोबर सांगते आहे. आणि तिला हे इतकं स्वच्छ माहीत आहे, ही तुमच्यासाठी दिलाशाची गोष्ट आहे. काळजी करायची ती हे माहीत नसलेल्या वैमानिकाची.

विमानं दोन प्रकारच्या नियमांखाली उडतात. मुंबईहून दिल्लीला जाणारं प्रवासी विमान आयएफआर नियमांनी, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर जातं. बाहेर ढग असोत की काळोख, त्याचा मार्ग, त्याची उंची आणि तशाच दुसऱ्या विमानांपासूनचं त्याचं अंतर जमिनीवरचा नियंत्रक सांभाळतो. तुमची नात सध्या शिकते आहे ते व्हीएफआर उड्डाण. क्षितिज, नदी, रेल्वेचे रूळ, डोंगर बघत, डोळे बाहेर ठेवून केलेलं. त्याला हवामानाची अट असते. दहा हजार फुटांच्या खाली निदान पाच किलोमीटरपर्यंतचं दिसलं पाहिजे आणि ढगापासून आडवं दीड किलोमीटर, उभं हजार फूट अंतर राहिलं पाहिजे. जमिनीलगतच्या अनियंत्रित आकाशात ढगांच्या अंतराबाबत सवलत आहे, पण तिथेही ढगात शिरायचं नाही आणि जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही. आपल्या देशात हे उड्डाण साधारणपणे दिवसाउजेडीच करायचं असतं. विमानतळाच्या परिसरात रात्रीचा सराव करायचा तर नियंत्रकाची वेगळी परवानगी लागते.

ढगांपासूनची ही अंतरं दुसऱ्या विमानासाठी ठेवलेली आहेत. ढगातून एखादं आयएफआर विमान अचानक बाहेर आलं, तर दोघांना एकमेकांकडे बघून वळायला जागा मिळावी म्हणून. हवामानाची अट पाळणं हा टक्कर टाळण्याच्या जबाबदारीचाच भाग आहे, आणि ती जबाबदारी कमांडमधल्या वैमानिकाची. १९४४च्या शिकागो कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आकाशातले रहदारीचे नियम आहेत, भारतालाही ते लागू आहेत. त्यांचा आशय असा, की विमान कुठे, कसं न्यायचं याचा अंतिम अधिकार कमांडमधल्या वैमानिकाचा. आणि टक्कर टाळण्यासाठी जे करावं लागेल ते करण्यातून त्याची सुटका कोणताही नियम करत नाही. नियंत्रकाने दिलेली परवानगीसुद्धा नाही.

दोन विमानांनी एकमेकांना पाहिल्यावर कोणी काय करायचं, हेही ठरलेलं आहे. समोरासमोर आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने उजवीकडून, अंतर राखून जायचं. पुढच्याला त्याची खबर असो वा नसो, पूर्ण ओलांडून होईपर्यंत जबाबदारी मागच्याचीच. इंजिनवाल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची, ग्लायडरने फुग्याला. ज्याला वळता येत नाही त्याचा हक्क मोठा. उतरणाऱ्या विमानाला सगळ्यांनी जागा करून द्यायची. यातला मागून येणाऱ्याचा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता टॉवर कशासाठी, हा तुमचा प्रश्न. टॉवर असलेल्या एखाद्या सराव विमानतळावरची दुपार घ्या. तीन छोटी सेसना विमानं धावपट्टीभोवती चौकोनी फेऱ्या मारताहेत. त्याला सगळे ‘सर्किट’ म्हणतात. उंची जमिनीपासून साधारण हजार फूट. धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना विद्यार्थिनी रेडिओवर ‘डाउनविंड’ म्हणून हाक देते. नियंत्रक तिला सांगतो : तुझा नंबर दोन, पुढची सेसना फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ वाटेवर) आहे, दिसली की कळव. ती मान वळवून खाली धावपट्टीच्या टोकापासून मागे मागे नजर नेते. शेताच्या पट्ट्यांवर सरकणारा पांढरा ठिपका सापडतो आणि ती म्हणते, ‘ट्रॅफिक इन साइट’. नियंत्रक म्हणतो, तिच्या मागोमाग ये. पुढच्या सेसनापासून किती लांब राहायचं, बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या बाजूवर, कधी वळायचं, हे त्या क्षणापासून ती ठरवते.

या वेळी नियंत्रक काय करत असतो? त्याच्यासमोर फळीवर प्रत्येक विमानाची एकेक पट्टी असते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी ती पडद्यावर दिसते. पट्टीवर विमानाचं नाव, प्रकार, काय करायला सांगितलं याच्या खुणा. उतरण्याच्या क्रमाने पट्ट्या वरखाली सरकतात. धावपट्टीवर दुरुस्तीची गाडी गेली की धावपट्टी अडल्याची पट्टी तो सगळ्यात ठळक जागी ठेवतो, म्हणजे सवयीने तोंडातून ‘क्लिअर्ड टू लँड’ निघण्याआधी हात थबकतो. मग तो दुर्बीण उचलून धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो : आधीचं विमान बाहेर पडलं का, कुत्रं शिरलं का, फायनलवरच्या विमानाची चाकं खाली आहेत का. धावपट्टी रिकामी आहे याची खात्री करून उतरण्याची परवानगी देणं हे त्याचं काम, आणि धावपट्टीवर दोन विमानं एकत्र आली तर ‘हे व्हीएफआर होतं’ ही सबब त्याला चालत नाही. क्रम लावणं, वाऱ्याची दिशा आणि वेग सांगणं, मोठं विमान नुकतंच गेलं असेल तर त्याच्या मागे राहणाऱ्या भोवऱ्यांबद्दल सावध करणं, विमान वेळेवर परतलं नाही तर शोधयंत्रणेला उठवणं, हीसुद्धा त्याचीच कामं. भोवऱ्यांचं मात्र बघा : इशारा नियंत्रकाने द्यायचा, अंतर व्हीएफआरच्या वैमानिकाने राखायचं.

हवेतल्या दोन विमानांमधलं अंतर कोणी राखायचं, हे आकाशाच्या वर्गावरून ठरतं. आपल्याकडच्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित आकाशाचा बराचसा भाग ‘डी’ वर्गात मोडतो. तिथे शिरायला परवानगी लागते, रेडिओवर बोलत राहावं लागतं, सूचना पाळाव्या लागतात. पण नियंत्रक अंतर राखून देतो ते आयएफआर विमानांना एकमेकांपासून. व्हीएफआर विमानाला तो भोवतालच्या सगळ्या विमानांची माहिती देतो आणि बघून लांब राहायचं काम वैमानिकावर सोडतो. परवानगी मागितली, ती मिळाली, म्हणजे आपल्यासाठी वाट मोकळी करून ठेवली असेल, हा नवशिक्यांचा मोठा गैरसमज याच आकाशात होतो. टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांवर तर वैमानिक एकमेकांनाच रेडिओवरून सांगत असतात, मी डाउनविंडला आहे, मी फायनलला आहे. आणि टॉवर सगळीकडे एकाच खात्याचा नसतो. बहुतेक ठिकाणी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक असतात, पण पुण्याला लोहगावचं आकाश वायुदल सांभाळतं आणि गोव्यात दाबोळीचं नौदल. नियम मात्र हेच.

डोंगराचंही तेच. सह्याद्रीच्या रांगेत व्हीएफआर विमान कड्याच्या किती जवळ गेलं, हे बघणं नियंत्रकाच्या कामात येत नाही. आयएफआर विमानाला रडारवरून तो स्वतः दिशा देत असेल तेव्हाच जमिनीपासूनच्या सुरक्षित उंचीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. ढगात शिरायचं की मागे फिरायचं, हा निर्णयही पूर्णपणे वैमानिकाचा. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासासजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं आणि नऊ माणसं गेली. वाटेतल्या नियंत्रित पट्ट्यातून कमी दृश्यमानतेत जाण्याची खास परवानगी नियंत्रकांनी दिलेली होती. तरीही चौकशीत मुख्य कारण ठरलं ते व्हीएफआरवर असताना ढगात पुढे जात राहण्याचा वैमानिकाचा निर्णय आणि त्यातून आलेला दिशाभ्रम. नियंत्रकाला खिडकीतून दिसणारा ढग वैमानिकासमोरचा ढग नसतो.

आतापर्यंतचं वाचून वाटेल की वाटणी सोपी आहे : धावपट्टी, क्रम आणि माहिती नियंत्रकाची; अंतर, ढग आणि डोंगर वैमानिकाचे. कागदावर ती सोपीच आहे. पण हे सगळं माणसाच्या डोळ्यावर उभं आहे आणि डोळा या कामासाठी घडलेला नाही. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक यंत्रणेने वैमानिकांसाठी काढलेल्या पत्रकात याचा हिशेब मांडलेला आहे. वस्तू नजरेत येणं, ते विमान आहे हे ओळखणं, ते आपल्यावरच येतंय हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने खरोखर वळायला लागणं, हे सगळं मिळून १२.५ सेकंद. त्यातले पाच सेकंद नुसते ‘हे आपल्यावर येतंय’ हे कळायला जातात. याला कारण आहे. जे विमान आपल्याला धडकणार असतं ते काचेवर सरकत नाही. एकाच जागी राहून मोठं होत जातं. आपली नजर हालचाल टिपते, आणि इथे हालचालच नसते.

शंभर नॉट वेगाची दोन सेसना समोरासमोर येत असतील तर साडेबारा सेकंदांत त्यांच्यातलं जवळजवळ तेराशे मीटर अंतर संपतं. म्हणजे निदान तेवढ्या लांबून ती दिसायला हवीत. सेसना १७२ एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा मीटर. तेराशे मीटरवरून ती दिसते हात लांब करून चिमटीत धरलेल्या तांदळाच्या दाण्याएवढी. तीही पंखांची लांबी. समोरून दिसणारी जाडी त्याच्या कितीतरी पटींनी कमी. मागे शहराच्या इमारती असल्या तर हा दाणा त्यांत विरून जातो. म्हणून नातीला तिच्या शिक्षकांनी आकाशाचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागावर क्षणभर नजर थांबवायला शिकवलं असेल. नुसती नजर फिरवत राहिलं तर डोळ्याला काहीच लागत नाही.

या मर्यादेची किंमत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोजली गेली ती ३० जून १९५६ रोजी, अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनवर. लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन प्रवासी विमानं, टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेडचं डीसी-७, २१,००० फुटांवर धडकली. १२८ माणसं होती, कोणी वाचलं नाही. टीडब्ल्यूएने २१,००० फूट मागितले होते. युनायटेड तिथे असल्याने नकार मिळाला. मग टीडब्ल्यूएने ढगांच्या हजार फूट वरून जाण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावर अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकाच्या डोळ्यांवर आली. दोन्ही विमानं एकाच उंचीवर आहेत हे नियंत्रण केंद्रात नोंदलेलं होतं, पण त्या अनियंत्रित आकाशात ते कळवण्याचं बंधन कोणावर नव्हतं. या अपघातानंतर उठलेल्या क्षोभातून १९५८चा कायदा झाला आणि आज एफएए म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा उभी राहिली.

तुमच्या ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाला मात्र दुसरा अपघात जवळचा आहे. २५ सप्टेंबर १९७८, सकाळचे नऊ, सॅन दिएगो, लख्ख ऊन. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ लिंडबर्ग विमानतळावर उतरायला येत होतं. एक सेसना १७२ उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याचा सराव करून ईशान्येकडे वर चढत होती. ती व्हीएफआरवर होती. अप्रोच नियंत्रकाने, म्हणजे विमानतळाकडे येणारी विमानं रडारवर सांभाळणाऱ्याने, बोइंगला सांगितलं, समोर तीन मैलांवर सेसना आहे. कॅप्टनने कळवलं, दिसली. नियंत्रकाने त्याला नजरेने अंतर राखायला सांगितलं आणि टॉवरशी बोलायला पाठवलं. त्या क्षणी अंतराची जबाबदारी रडारवरून कॉकपिटमध्ये गेली.

थोड्याच वेळात टॉवरने पुन्हा सांगितलं, समोर एक मैलावर सेसना. कॉकपिटमधल्या ध्वनिफितीवर पुढचं सगळं आहे. कॅप्टनने विचारलं, आपण बघत होतो तीच का ही? सहवैमानिक म्हणाला, हो, पण आता मला दिसत नाही. रेडिओवर मात्र ‘दिसत नाही’ हे शब्द गेले नाहीत. गेलं ते एवढंच : मघाशी होती तिथे, आणि मग, बहुधा आपल्या उजवीकडून निघून गेली असावी. टॉवरने त्याचा अर्थ घेतला की सेसना दिसते आहे आणि बाजूने जाते आहे. पुढच्या मिनिटात कॉकपिटमध्ये पुन्हा विषय निघाला : त्या सेसनापासून आपण मोकळे झालो ना? असायला हवं. मला वाटतं. आशा आहे. कॅप्टन म्हणाला, ती आता मागे पडली असेल.

ती मागे पडलेली नव्हती. बोइंगच्या नाकाच्या पुढे आणि खाली, घरांच्या गर्दीवर होती. बोइंग मागून, वरून तिच्यावर उतरत होतं. सेसनानेही दिलेली दिशा न कळवता बदलली होती. सेसनातल्या दोघांना मागून, वरून येणारं जेट दिसणं जवळजवळ अशक्य होतं. मागून येणाऱ्याने अंतर राखायचा नियम लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. अप्रोच केंद्रात धडकेच्या १९ सेकंद आधी संगणकाने इशारा वाजवला. बोइंगला सेसना दिसते आहे या समजुतीने त्यावर कोणी धावपळ केली नाही. सेसना अप्रोचच्या लहरींवर, बोइंग टॉवरच्या. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. दोन्ही विमानं २,६०० फुटांवर धडकली. बोइंगमधली १३५, सेसनातली दोन आणि खालच्या घरांमधली सात, एकूण १४४ माणसं गेली.

चौकशी मंडळाने मुख्य दोष बोइंगच्या वैमानिकांवर ठेवला : नजरेने अंतर राखण्याची जबाबदारी त्यांनी पार पाडली नाही आणि सेसना दिसेनाशी झाल्याचं कळवलं नाही. पण निष्कर्ष तिथे थांबला नाही. रडारवरून अंतर राखून देणं शक्य असताना ते काम नजरेवर सोडण्याची नियंत्रणाची पद्धत हीसुद्धा अपघाताला कारणीभूत ठरली, असं मंडळाने नोंदवलं.

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘दिसली’ आणि ‘मागे पडली असेल’ यांच्या मधलं अंतर. ‘दिसली’ म्हटल्याबरोबर दोन माणसं निर्धास्त होतात. नियंत्रक लक्ष दुसऱ्या विमानाकडे वळवतो, कारण त्याच्या हाताखाली आणखी दहा असतात. वैमानिक उतरण्याच्या कामाला लागतो. दिसणं ही गोष्ट क्षणाची असते, जबाबदारी मात्र पुढची दोन-तीन मिनिटं चालू राहते. नजर सुटली तर ती जबाबदारी ताबडतोब परत करायची असते. रेडिओवर एक वाक्य : विमान दिसत नाही. मग नियंत्रक उंची देईल, वळण देईल, जागा करून देईल. हे वाक्य उच्चारायला वैमानिकाला लाज वाटते, कारण मिनिटापूर्वीच तो ‘दिसतंय’ म्हणालेला असतो. ही लाज शिकवणीतच घालवली पाहिजे, असं मी मनापासून मानतो.

जवळजवळ अर्ध्या शतकाने तेच पुन्हा घडलं. २९ जानेवारी २०२५च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी जेट आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर धडकलं, ६७ माणसं गेली. हेलिकॉप्टरने विमान दिसतंय असं सांगून नजरेने अंतर राखण्याची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली होती. धडकेच्या काही सेकंद आधी नियंत्रकाने पुन्हा विचारलं, जेट दिसतंय ना? दोघांशी नियंत्रक एकच बोलत होता, पण लहरी वेगवेगळ्या होत्या. इथेही एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. जेटमधल्या टक्कररोधक यंत्राने ‘ट्रॅफिक’ म्हणून सावध केलं, पण जमिनीपासून हजार फुटांच्या खाली ते यंत्र वर जा, खाली जा असा आदेश देत नाही, आणि ही विमानं तीनशे फुटांच्या आसपास होती. नंतर त्या विमानतळाच्या पाच मैलांच्या परिसरात नजरेवर अंतर सोडण्याची पद्धत एफएएने बंद केली.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : व्हीएफआरवर दुसऱ्या विमानापासून लांब राहण्याची पहिली जबाबदारी वैमानिकाची, निर्विवाद. पण ‘तू बघ’ म्हणून नियंत्रक मोकळा होत नाही. माहिती वेळेवर, अचूक आणि दोघांनाही द्यायची. गोंधळ दिसला तर पुन्हा विचारायचं. धोका दिसला की तोंडातला शब्द अर्धवट टाकून इशारा द्यायचा. आणि संशयाने भरलेलं ‘बहुधा गेली असावी’ हे उत्तर म्हणून स्वीकारायचं नाही. नात घरी येईल तेव्हा तिला एवढंच विचारा, पुढचं विमान नजरेतून सुटलं तर रेडिओवर काय बोलतेस? ती क्षणाचाही विचार न करता उत्तर देईल, तेव्हा तुम्हाला झोप लागायला हरकत नाही.

प्रश्न : मुंबईला उतरताना कॅप्टनने ‘व्हिज्युअल अप्रोच’ने उतरत असल्याचं सांगितलं. म्हणजे शेवटी नियंत्रकाने आम्हाला वाऱ्यावर सोडलं का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : नाही. तुमचं विमान तेव्हाही आयएफआरवरच होतं आणि इतर विमानांपासूनचं अंतर नियंत्रक राखत होता. वैमानिकाला धावपट्टी किंवा जमीन स्पष्ट दिसत असेल तर उपकरणांची ठरलेली वाट पूर्ण न करता तो बघून उतरू शकतो; जमिनीपासूनच्या उंचीची काळजी मात्र त्याने घ्यायची. आपल्या पुढचं विमान दिसतंय असं त्याने सांगितलं आणि त्याच्या मागोमाग येण्याची सूचना घेतली, तरच त्या एका विमानापासूनचं अंतर त्याच्याकडे जातं.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडे जाते : दिसते आहे ती धावपट्टी आपलीच आहे ना, हे ओळखणं. तुमच्या अंधेरीकरांना हे जवळचं. जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या मुख्य विमानतळापासून काही किलोमीटरवर, दिशाही जवळजवळ तीच. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तीच चूक केली. हेलिकॉप्टर आणि छोट्या विमानांपुरत्या त्या आखूड धावपट्टीवरून ते पुढे घसरत गेलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. माणसं वाचली. आज बघून उतरतानाही वैमानिक उपकरणांची रेषा सोबत लावून ठेवतात, ती याचसाठी.

प्रश्न : व्हीएफआरवरच्या विमानाचा रेडिओच बंद पडला तर टॉवर काय करतो?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : दिवा दाखवतो. टॉवरमध्ये हातात धरून विमानावर रोखायचा प्रखर दिवा असतो. हवेतल्या विमानाला सलग हिरवा म्हणजे उतर. सलग लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घाल. उघडझाप करणारा हिरवा म्हणजे उतरायला परत ये. उघडझाप करणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नकोस. उघडझाप करणारा पांढरा म्हणजे इथेच उतर आणि विमानं उभी करतात त्या जागेवर जा. त्याआधी वैमानिकाने ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावलेला असतो, त्यामुळे रेडिओ गेल्याचं रडारवर कळलेलं असतं. दिवा दिसल्याची पोच वैमानिक दिवसा पंख डावीउजवीकडे हलवून देतो आणि रात्री लँडिंगचे दिवे दोनदा लावून विझवून. मात्र बेस आणि फायनलवर असलेल्या विमानाकडून पंख हलवण्याची अपेक्षा टॉवरने ठेवायची नसते.